समुद्राखाली गेलेलं गावाचं तपेलं

आमच्या गावात लग्नाची मोठी भांडी कुणा एकाच्या घरची नव्हती, गावाची होती. श्रीगोंदा तालुक्यातलं लहानसं गाव आमचं. घरटी शंभर माणसांच्या स्वयंपाकाची भांडी कोण घेणार? म्हणून ती मारुतीच्या देवळामागच्या खोलीत कुलपात असत. तांब्याची तपेली, पितळी पराती, पळे, झारे. प्रत्येकाच्या काठावर ठोक्याने ठिपके पाडून गावाचं नाव घातलेलं असे. मी माहेरी चौथी शिकले होते, त्यामुळे मला ते नाव वाचता यायचं. बाकीच्या बायकांना वाचता येत नव्हतं, पण त्या काठावरून बोट फिरवून भांडं आपलं की शेजारच्या गावाचं ते सांगत.

खोलीची किल्ली एका म्हाताऱ्याकडे असायची. त्यांना सगळं गाव तात्या म्हणे. लग्न, बारसं, दहावा, काहीही असलं तरी घरच्या पुरुषाने जाऊन तात्यांकडून भांडी मोजून घ्यायची आणि मोजून परत द्यायची. बाईच्या हाती तात्या भांडं देत नसत. घासायची मात्र आम्हीच.

लढाई संपून स्वराज्य आलं, त्यानंतरच्या एखाद्या वर्षातली ही गोष्ट. तालुक्याच्या गावी एक मोटारवाला होता. त्याची सासुरवाडी अलिबागची. उन्हाळ्यात तो आपल्या मोटारीतून माणसं नेऊन समुद्र दाखवून आणायचा. त्या वर्षी त्याने फक्त बायकांची गाडी काढायचं ठरवलं आणि आमच्या गावात विचारायला आला. पुरुषांनी आधी चेष्टा केली. माझे मालक म्हणाले, "हितं आडात पानी न्हाई आन् ह्या समुंदर बघाया चालल्या." पण माझी चुलत सासू उभी राहिली. ती विधवा होती, तोंडाची फटकळ, आणि भावकीतले पुरुषही तिला वचकून असत. ती म्हणाली, "पानी न्हाई म्हनूनच चाललोय." ती आमच्याबरोबर असणार, म्हणून बाकीच्या घरांतूनही बायका निघाल्या.

प्रश्न आला स्वयंपाकाचा. दशम्या, चटणी, शेंगदाणे बरोबर घेतले तरी इतक्या बायकांना कुठेतरी काही गरम शिजवावं लागणारच. तेवढं मोठं भांडं कुणाकडेच नव्हतं. चुलत सासूने मला तात्यांकडे धाडलं. म्हणाली, "तू शिकलेली हाईस, तू बोल."

तात्या ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मालकाला पाठव."

मी म्हटलं, "मालक येनार न्हाईत गाडीला. भांडं आमीच वापरनार, आमीच घासनार. मग मागायला मालक कशापायी?"

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "आठ दिसांवर माझ्या पुतन्याचं लगीन हाय. मधलं तपेलं त्यात लागनार. तुज्या शब्दावर देतो. गेलं तर परत कंदी गावाचं भांडं बायकांच्या हाती जानार न्हाई. मी मेल्यावरबी न्हाई."

"येईल परत," मी म्हटलं.

ते गुडघ्याएवढं तपेलं मी डोक्यावर घेऊन घरी आले. वाटेत पुरुष बघत होते. बघू दे म्हटलं.

मोटारीच्या टपावर ते दोरीने बांधलं. पुणं, खंडाळ्याचा घाट, खोपोली, पेण असं करत दोन दिवसांनी आम्ही अलिबागला पोचलो. घाटात निम्म्या बायकांना मोटार लागली. मला नाही लागली. मोटारवाल्याच्या सासऱ्याच्या पडवीत मुक्काम केला. रात्रभर समुद्राचा आवाज येत होता. चुलत सासू म्हणाली, "ह्यो काय झोपत न्हाई काय?"

दुसरा दिवस किनाऱ्याच्या रस्त्याचा. मोटारवाल्याचा मेव्हणा आमच्याबरोबर आला. आलेल्या माणसांना मुलूख दाखवायचं काम तोच करी. त्याचं शिवणाचं दुकान होतं, पण गाडी आली की दुकान बंद. खाकी अर्धी चड्डी, हातात छत्री, गळ्यात शिट्टी. आम्ही त्याला दाखव्या म्हणायला लागलो. त्याला ते आवडलं नाही, पण त्याने ओ दिली.

उजाडायच्या आत त्याने सगळ्यांना मोटारीत बसवलं आणि दिवसाचा बेत सांगितला. आधी नागाव, तिथे न्याहारी. मग चौल, मग रेवदंडा, तिथला समुद्रकाठचा पडका कोट. दुपारी परत फिरायचं आणि संध्याकाळी अलिबागच्या किल्ल्यावर जायचं.

"किल्ला समुद्रात आहे," तो म्हणाला. "पण ओहोटीला पाणी हटतं आणि आपण चालत जातो. समुद्राच्या तळावरून चालत. आत गणपतीचं देऊळ आहे. येणारे लोक सगळं विसरतात, तेवढं विसरत नाहीत."

हे ऐकून गाडीत एकच गलका झाला. चुलत सासूने आदल्या मुक्कामापासून एक नारळ पदरात बांधून ठेवला होता, तो त्या गणपतीसाठी. ती मला म्हणाली, "समुंदरातनं चालत जाऊन देव बघितला म्हनून सांगीन गावात. मंग मेले तरी चालंल."

अलिबागहून निघालेला तो रस्ता अरुंद होता, एका वेळी एकच गाडी जाईल असा. दोन्ही अंगाला नारळी-पोफळीच्या वाड्या. उजवीकडे वाडी संपली की झाडांच्या मधून समुद्र दिसायचा, परत वाडी यायची, परत दिसायचा. वाड्यांमध्ये रहाट फिरत होते. मडक्यांची माळ वर यायची आणि पाटात पाणी ओतायची. सगळ्या बायका समुद्राकडे बघत होत्या. मी रहाटाकडेच जास्त बघितलं. इतकं पाणी झाडाला घालताना मी कधी बघितलं नव्हतं. आमच्याकडे तसा रहाट असता तर मी काय काय पिकवलं असतं, ते मनात मांडत बसले.

नागावला उतरलो. दाखव्याने एका घरी चहा-पोह्यांची सोय सांगून ठेवली होती. चुलत सासू म्हणाली, "आमचं आमी शिजवू." तपेलं उतरवलं. वाडीवाल्याने रहाटाचं पाणी दिलं, वाळलेल्या झावळ्या दिल्या, पण झाडांखाली चूल पेटवू देईना. म्हणाला, खाली वाळूवर जा. म्हणून आम्ही खाली गेलो. समुद्र खूप लांब गेला होता. वाळू ओली, घट्ट, सपाट, शेणाने सारवल्यासारखी. ना काटा, ना खडा. किनाऱ्याच्या कडेचे तीन काळे दगड उचलून आणले आणि आम्ही चूल मांडली.

झावळ्यांचा जाळ आमच्या ओळखीचा नव्हता. आमचा जाळ शेण्यांचा आणि तुराट्यांचा, सांगाल तसा वागणारा. झावळी एकदम भडकते आणि एकदम विझते. हुलग्याचं पिठलं वरून पातळ राहिलं आणि खालून लागलं. दशमीबरोबर खाल्लं सगळ्यांनी, पण तपेल्याच्या तळाला बोटभर खरपुडी.

घरी असं झालं तर राख घ्यायची आणि हात दुखेपर्यंत खरवडायचं, कारण भांडं भिजत घालायला पाणी कुठलं? लग्नाचं तपेलं भिजत घालायचं तर दोन खेपांचं पाणी जातं. इथे समोर समुद्र. मी आणि आणखी दोघी कळशा घेऊन गेलो आणि तपेलं काठोकाठ भरलं. मला त्याचं फार अप्रूप वाटलं. चुलत सासू म्हणाली, "भिजू दे चांगलं. परत ह्याच वाटंनं यायचंय ना? येताना घासून घिऊ."

दाखव्याने वर रस्त्यावरून शिट्टी मारली. आम्ही तपेलं तिथेच चुलीच्या दगडांवर ठेवलं आणि निघालो. चोरीची भीती वाटली नाही. आमच्याकडे गावाचं नाव असलेलं भांडं ओढ्याला रात्रभर राहिलं तरी कुणी हात लावत नाही. आणि पाण्याचं म्हणाल, तर आमच्या मुलखात पाणी एकदा मागे हटलं की हटलं. तळं आटलं की आटलं. त्या जागेवर लोक हरभरा पेरतात. गेलेलं पाणी दुपारी परत येईल हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. दाखव्याने वरून आम्हाला बघितलंच नव्हतं. त्याने विचारलं, "सगळं घेतलंत ना?" आम्ही सगळं घेतलं म्हणून सांगितलं. आमच्या हिशेबी घेतलंच होतं.

चौलचा डोंगर चढलो. रेवदंड्याचा कोट बघितला. तिथे दाखव्याने बरंच काही सांगितलं, कोण कुठून आलं, कुणी बांधलं. ते मला आता आठवत नाही. त्याच्या छत्रीची एक काडी बाहेर आली होती, ती आठवते.

दुपारी परत नागावला आलो. खाली जायला वाडी ओलांडली आणि मी जागच्या जागी थांबले. वाळू नव्हतीच. जिथे चूल मांडली होती तिथे समुद्र होता. लाटा वाडीच्या कुंपणापर्यंत येत होत्या.

एकजण म्हणाली, "आपन दुसऱ्याच जागी आलो." मागे वळून बघितलं. दोन नारळ, त्यातला एक कमरेत वाकलेला. त्यांच्या सरळ समोर आम्ही शिजवलं होतं. जागा तीच.

दाखव्या मागून आला. काय झालं ते कळल्यावर त्याने छत्री मिटली. "वाळूत ठेवलंत? ओहोटीच्या वाळूत? अहो, भरती येते एवढं कुणाला सांगावं लागतं का?"

"आमाला लागतं," चुलत सासू म्हणाली. "तुमाला दुष्काळ सांगावा लागंल तसं."

मी नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात शिरले. कमरेपर्यंत गेले असेन, तेवढ्यात लाटेने पाय उचलले. नाकातोंडात खारं पाणी गेलं. कुणीतरी दंडाला धरून ओढलं. एक कोळीण होती, डोक्यावर टोपली, उभी धिप्पाड.

"काय गो, जीव वर आलाय?"

मी तिला तपेलं सांगितलं. तिने विचारलं, "रिकामं की भरलेलं?"

"भरलेलं. काठोकाठ."

"मग जात नाय कुठं. रिकामं असतं तर गेलं असतं तरंगत. दर्या मागं सरला का वाळूत रुतलेलं गावेल. दिवस बुडायला बस हितं." आणि ती टोपली सावरून गेली.

मी बाहेर येऊन वाळूवर बसले. दाखव्या म्हणाला, "बसायला वेळ नाही. पाणी हटेल तेव्हाच किल्ल्यावर जायचं. इथे थांबलात तर किल्ला गेला. उद्या पहाटे गाडी परत निघणार."

तेव्हा सगळ्यांना नीट कळलं. जी ओहोटी आम्हाला तपेलं देणार होती, तीच किल्ल्याची वाट उघडणार होती. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येणार नव्हतं.

मोटारवाला भला माणूस होता. तो म्हणाला, "एका भांड्यापायी एवढ्या लांबून येऊन किल्ला सोडता? मी पुण्यात तसलंच नवं घेऊन देतो."

मी म्हटलं, "त्याच्यावर आमचं नाव नसंल."

"नाव घालून घेऊ."

"मी नवं घेऊन येते असं बोलले न्हाई. हेच परत आनते असं बोललेय."

बायकांत दोन तट पडले. एकजण म्हणाली, "तूच गेलीस मोठी तात्यांकडं मागायला, तूच बस. आमी किल्ला बघून येतो." दुसरी म्हणाली, "घरी गेल्यावर सासू विचारंल, काय बघितलं? तर काय सांगू, बुडालेलं तपेलं?" काहीजणी हसल्या. मला राग आला नाही. त्यांचं खरंच होतं. जन्मात परत कोण आणणार होतं त्यांना? मी म्हटलं, "तुमी सगळ्या जा. मी बसते. तपेलं हाती आलं की चालत येईन. रस्ता सरळ हाय."

सगळ्या चुलत सासूकडे बघू लागल्या. ती नारळ पदरात घट्ट धरून उभी होती. मग माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "तात्या काय म्हनला हुता? तिच्या शब्दावर देतो. ह्या गावात बाईच्या शब्दावर कंदी कुनी तांब्या दिलाय का? तपेलं दिलंय. ज्येला जायचंय त्येनं जावं."

कुणी गेलं नाही. एक एक करत सगळ्या बसल्या. जी सर्वांत जास्त बोलली होती ती शेवटी बसली, आणि बसता बसता म्हणाली, "गेला बाई किल्ला."

दाखव्या चिडला. हा बेत त्याचा होता आणि त्याच्या बेतातून असं कुणी उतरून बसलं नव्हतं. तो मोटारीपर्यंत गेला, परत आला, परत गेला. शिट्टी मारून बघितली. आमच्यातली एकही हलली नाही. मोटारवाला वाडीत जाऊन झोपला.

आम्ही ओळीने बसलो होतो. शेंगदाणे खाल्ले. एकीने जात्यावरची ओवी सुरू केली, मग बाकीच्यांनी धरली. पाणी कुंपणापासून एक हात मागे गेलं, मग दोन हात. मग दाखव्या येऊन आमच्यापासून थोडा लांब बसला आणि विचारलं, "एवढं काय आहे हो त्या भांड्यात?"

चुलत सासू म्हणाली, "खरपुडी."

तो हसला. हसल्यावर जरा माणसात आला. मग तिने त्याला सगळं सांगितलं, देवळामागची खोली, किल्ली, तात्या. तो ऐकत राहिला. म्हणाला, "आमच्या गावकीची पण भांडी आहेत. तीपण बायकांना देत नाहीत."

"मग बघ आता," ती म्हणाली.

ऊन उतरलं. पाणी लांब जायला लागलं, वाळू उघडी पडायला लागली. मी वाकलेल्या नारळाकडे पाठ करून सरळ चालत गेले. चूल दिसेना, दगड दिसेनात. सगळं सपाट झालेलं. आम्ही ओळ धरून पायाने चाचपत निघालो, खुरपणीला निघतात तशा. कुणाच्या पायाला शिंपला लागे, कुणाच्या लाकूड. प्रत्येक वेळी सगळ्या थांबायच्या.

दाखव्या चपला हातात घेऊन आमच्यापाठोपाठ आला होता. तोच ओरडला. त्याच्या अंगठ्याला कडी लागली होती. तपेल्याची एक कडी आणि चार बोटं काठ वर होता. बाकी सगळं वाळूत.

आम्ही हातांनी उकरलं. आत वाळू गच्च भरलेली, ओली, शिशासारखी जड. ओंजळीने काढली तरी ते हलेना, मग दाखव्या आणि आम्ही चौघी मिळून ओढलं. निघालं तेव्हा खालून फसकन आवाज झाला. मी आधी काठावर बोट फिरवलं. ठिपके होते.

खरपुडी सगळी गेली होती. वाळूने एक बाजू इतकी घासली होती की तांबं लाल दिसत होतं. दुसरी बाजू तशीच काळी. आतली कल्हई जागोजागी उडाली होती. एका ठिकाणी पोचा पडला होता.

चुलत सासूने पदरातला नारळ सोडला. किल्ल्याच्या दिशेने बघितलं, तिथून काही दिसत नव्हतं. तिने नारळ समुद्राला दिला. म्हणाली, "ज्येनं ठिवलं त्येला." मग आम्ही तपेलं वर नेलं. रस्त्यापर्यंत ते मी दाखव्याला धरू दिलं, पण टपावर मी स्वतः चढून बांधलं. पुरुषांसमोर मोटारीच्या टपावर चढलेली आमच्या गावची पहिली बाई मीच असेन. अंधार पडताना अलिबागला पोचलो, तेव्हा किल्ल्याची वाट परत पाण्याखाली जायला लागली होती.

गावात आल्यावर तपेलं तसंच डोक्यावर घेऊन तात्यांच्या ओट्यावर ठेवलं. मागे सगळ्या बायका होत्या. त्यांना मी बोलावलं नव्हतं. तात्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, वाजवून बघितलं. पोच्यावर अंगठा ठेवला.

"ह्ये कशानं झालं?"

मी म्हटलं, "समुंदराखाली गेलं हुतं. दिवसभर. पानी हटल्यावर काढलं. कल्हई आमी करून देतो."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मागच्या बायकांकडे. "दिवसभर काय केलंत?"

"बसलो."

"सगळ्या?"

"सगळ्या."

ते उठले. घरात गेले. बाहेर आले तेव्हा हातात किल्ली होती. मला वाटलं तपेलं ठेवायला निघाले. त्यांनी किल्ली माझ्या चुलत सासूच्या हातात दिली आणि म्हणाले, "जागच्या जागी ठिवून ये. लग्नाची बाकीची भांडीबी तूच मोजून काढ." आणि परत सुपारी कातरायला बसले.

चुलत सासूने ती किल्ली परत दिली नाही आणि तात्यांनी मागितली नाही. चुलत सासू गेल्यावर किल्ली माझ्याकडे आली. आता गावात मंडपवाल्याकडून भाड्याने भांडी येतात, खोलीला कुणी विचारत नाही. तपेलं आहे, त्या पोच्यासकट. अलिबागचा किल्ला मी कधी बघितला नाही. नातवाने मोबाईलमध्ये दाखवला. बरा आहे.